एका सतरा अंकी संख्येचे गुण आणि अवगुण

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिली असेल. शाळेच्या गणित-कोपऱ्यात लावलेल्या तक्त्यावर ती असते, दिवाळी अंकाच्या गमतीच्या पानावर असते, गणित दिनाच्या भाषणात तर हमखास असते. तिच्यासोबत एक पिरॅमिडही काढलेला असतो. वर १, त्याखाली १२१, त्याखाली १२३२१, आणि सर्वांत खाली ही सतरा अंकी संख्या. शेजारी लिहिलेले असते : ‘अंकांचा चमत्कार’. बहुधा कापरेकरांचे नावही असते.

आमचे म्हणणे असे, की हा तक्ता भिंतीवर लावायला हरकत नाही, पण ‘चमत्कार’ हा शब्द मात्र खोडून टाकावा. तो शब्द लिहिला की विद्यार्थ्याचे काम संपते. त्याने तोंडात बोट घालायचे आणि पुढच्या तक्त्याकडे जायचे. या संख्येत नवल वाटण्याजोगे पुष्कळ आहे. पण त्यातले काय त्या संख्येचे, काय आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचे आणि काय नुसत्या योगायोगाचे, हे निवडून घेतल्याशिवाय त्या नवलाला गणिताच्या वर्गात जागा देणे योग्य नाही. तसे निवडण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

कापरेकर आणि डेम्लो

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, विद्यार्थी असतानाच १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक होते. कोणत्याही विद्यापीठाची खुर्ची त्यांच्याकडे नव्हती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. ६१७४ या संख्येला आज जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, आणि त्यानंतर त्यांचे नाव देशाबाहेर सर्वत्र झाले.

१९३० नंतरच्या दशकात त्यांनी ‘डेम्लो संख्या’ मांडल्या. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरच्या ज्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली, त्याचे नाव त्यांनी संख्यांना दिले. ते स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली. डेम्लो संख्येचे तीन भाग असतात : डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक असतो, एकदा किंवा अनेकदा. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की पुन्हा तोच अंक रांगेने मिळतो. १२३२१ घ्या. डावा भाग १२, मधला ३, उजवा २१ आणि १२ + २१ = ३३. आपल्या सतरा अंकी संख्येत डावा भाग १२३४५६७८, उजवा ८७६५४३२१, मध्ये ९ आणि बेरीज ९९९९९९९९. या कुळातील १, १२१, १२३२१ ... या संख्यांना कापरेकर ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणत.

इथे पहिली दुरुस्ती करायला हवी. या चढत्या-उतरत्या संख्या कापरेकरांनी ‘शोधल्या’ असे लेखांत वाचायला मिळते. ते बरोबर नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी, म्हणजे इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी लिहिलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या आलेली आहे. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, हीच संख्या येते. (खरे तर २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे, ४४१ हा २१ चा, आणि ५२९१ × २१ = सहा एक असलेली संख्या, म्हणजे ११११११.) कापरेकरांचे श्रेय वेगळे आहे. एका सुट्या उदाहरणाकडे पाहून न थांबता त्यांनी त्याचे कुळ शोधले, त्याला नाव दिले आणि त्या कुळाचे नियम विचारले. त्यांचे मोठेपण सांगायला त्यांना पहिले ठरवण्याची गरज नाही.

दिसते ते का दिसते?

१२३४५६७८९८७६५४३२१ हा १११११११११ (नऊ एक) या संख्येचा वर्ग आहे. हे तपासायला कुठलीही युक्ती लागत नाही. पाटीवर नेहमीचा गुणाकार मांडावा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभे रकाने मोजा. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करत मधल्या रकान्यात नऊ. पुढे पुन्हा आठ, सात, सहा. बेरीज नऊच्या वर कुठेच जात नाही, म्हणून हातचा येत नाही. हातचा नाही, म्हणून रकान्यांतले आकडे जसेच्या तसे उत्तरात उतरतात.

सगळे रहस्य एवढेच आहे. चौथीच्या मुलाला समजेल असे ते आहे. आणि ते समजले की लगेच पुढचा प्रश्न सुचतो, जो तक्त्यावर कधीच नसतो : दहा एक घेतले तर?

मधल्या रकान्यात दहा येतात. तिथे शून्य राहते, एक हातचा जातो. शेजारच्या नऊत तो मिळून पुन्हा दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्या पुढच्या आठचे नऊ होतात आणि तिथे हातचा थांबतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. पिरॅमिड मोडला. उलटसुलट सारखे वाचणेही गेले. पिरॅमिड नवव्या पायरीवर संपवलेला असतो तो यासाठी. मुलांना दहावी पायरी न दाखवणे ही आमच्या मते या तक्त्यातली सर्वांत मोठी उणीव आहे, कारण नियम कुठे मोडतो हे पाहिल्याशिवाय तो का चालतो हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच हाती लागते. नऊ एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ × ९. दहा एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज १०० यायला हवी होती. ती येते ८२. अठरा कुठे गेले? प्रत्येक हातच्याच्या वेळी एका घरातून दहा जातात आणि शेजारच्या घरात एकच येतो, म्हणजे बेरजेत नऊची घट. हातचे दोन, घट अठरा. ‘नऊ टाकून पडताळा’ या जुन्या रीतीचे कारणही हेच आहे.

गुणांची तीन टोपल्यांत विभागणी

मोठ्या संख्येचे गुणधर्म सांगणाऱ्या लेखांत ते एका खाली एक, एकाच मापाचे असल्यासारखे मांडलेले असतात. ही संख्या पूर्ण वर्ग आहे, उलटी वाचली तरी तीच आहे, तिचे विभाजक ४५ आहेत, ती ‘हर्षद’ आहे, वगैरे. आमची मुख्य तक्रार या मांडणीवर आहे. हे गुण एका जातीचे नाहीत.

पहिल्या टोपलीत येतात खुद्द संख्येचे गुण. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यातली ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून आपल्या संख्येत ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५. ती विषम आहे, कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. ही संख्या देवनागरीत लिहा, रोमन अंकांत लिहा किंवा तितके ज्वारीचे दाणे मांडा, तिचे विभाजक ४५ च राहतील.

तिसऱ्या टोपलीत, म्हणजे अगदी शेवटी, येतात केवळ योगायोग. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दशं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. आपल्या संख्येला सतरा लागतात. तिचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानावर बसतो आणि परार्धाचे घर रिकामे राहते. हे सांगायला छान आहे, पण त्यातून पुढे काही निघत नाही.

वाद आहे तो दुसऱ्या टोपलीबद्दल. उलटसुलट सारखे असणे, अंकांचे चढणे-उतरणे, अंकांच्या बेरजेने भाग जाणे, हे सारे लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. आपल्याला हाताची दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. आठ बोटे असती तर? मग हे गुण राहिले असते का?

आक्षेप आणि त्याची परीक्षा

हा आक्षेप हलका नाही. रामानुजनना पुढे आणणारे इंग्रज गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात दोन उदाहरणे दिली. चार अंकी संख्यांत आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या दोनच : ८७१२ (२१७८ ची चौपट) आणि ९८०१ (१०८९ ची नऊपट). हार्डींचे मत असे, की असली तथ्ये कोड्यांच्या सदराला ठीक आहेत, गणित्याला त्यांत काही नाही. कापरेकरांच्या कामाकडे कित्येक वर्षे ज्या नजरेने पाहिले गेले, तिच्यामागेही असाच विचार होता.

आपण हा आक्षेप आपल्या संख्येवर तपासून पाहू. त्यासाठी परक्या पद्धतीची गरज नाही. १९५७ मध्ये दशमान नाणी येईपर्यंत आपल्या बाजारात चारच्या पटीची पद्धत चालूच होती : चार पैशांचा आणा, चार आण्यांची पावली, चार पावल्यांचा रुपया. एक पावली, एक आणा, एक पैसा मिळून १६ + ४ + १ = २१ पैसे. चारच्या पद्धतीत ही रक्कम १११ अशी लिहिली जाईल. आता २१ जणांना प्रत्येकी २१ पैसे द्यायचे तर ४४१ पैसे लागतील. त्यांची मोड अशी : चार रुपयांचा एक गठ्ठा (२५६ पैसे), वर दोन रुपये, तीन पावल्या, दोन आणे, एक पैसा. म्हणजे १२३२१! पिरॅमिड चारच्या पद्धतीतही उभा राहिला. फक्त तो तिसऱ्या पायरीवर संपतो, कारण तिथे सर्वांत मोठा अंक ३ आहे. आठच्या पद्धतीत तो सातव्या पायरीपर्यंत जातो आणि १२३४५६७६५४३२१ वर थांबतो. म्हणजे अंकांचे हे चढणे-उतरणे दहाची मिरास नाही. रकाने मोजण्याचा तो नियम आहे आणि तो कोणत्याही पायात चालतो.

आता ‘हर्षद’ हा गुण घेऊ. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. वरवर हा निव्वळ योगायोग वाटेल. पण पाहा : दहाच्या पद्धतीत ९ ने भागल्यावरची बाकी अंकांच्या बेरजेवरून कळते, आणि नऊ एकांची बेरीज ९, म्हणून नऊ एकांना ९ ने भाग जायलाच हवा. आठच्या पद्धतीत ७ चे तेच काम असते, आणि तिथला पिरॅमिड सात एकांवर थांबतो. म्हणून तिथेही भाग जाणारच. चारच्या पद्धतीत अंकांची बेरीज ९ आणि ४४१ ÷ ९ = ४९. कोणत्याही पायात पिरॅमिडची शेवटची पायरी हर्षद असते. हा योगायोग नसून प्रमेय आहे.

मधल्या पायऱ्यांवर मात्र तसे होत नाही. दहाच्या पद्धतीत नऊ पायऱ्यांपैकी पहिली, तिसरी आणि नववी एवढ्याच हर्षद आहेत. १२१ ला ४ ने भाग जात नाही. कोणत्या पायऱ्या हर्षद आणि का, हे शोधायला नववीच्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

शेवटी १२३४५६७९ मधील हरवलेला ८. त्यावर तर कित्येक चतुर खुलासे ऐकू येतात. साधा भागाकार मांडा : १११११११११ ÷ ९. अकरात ९ एकदा, उरले २. एकवीसमध्ये दोनदा, उरले ३. एकतीसमध्ये तीनदा, उरले ४. असे करत एकाहत्तरमध्ये सातदा, उरले ८. पुढे येतात ८१. आठदा भाग लावला तर ९ उरतील. पण ९ उरले की आणखी एकदा भाग जातो. म्हणून ८ ऐवजी ९, आणि बाकी शून्य. आठच्या पद्धतीत हेच केले तर १२३४५७ मिळते, तिथे ६ गायब असतो. म्हणजे सर्वांत मोठ्या अंकाच्या आधीचा अंक नेहमीच गायब होतो.

हार्डींच्या उदाहरणाचेही असेच आहे. १०८९ म्हणजे ११०० उणे ११. आठच्या पद्धतीत ११०० उणे ११ केले की १०६७ येतात, त्यांना ७ ने गुणले की ७६०१. तेच उलटे रूप! हार्डींनी तथ्य एकटे उभे केले आणि ते कंटाळवाणे ठरवले. एकटे तथ्य कंटाळवाणेच असते. ‘दुसऱ्या पायात काय होईल?’ हा प्रश्न विचारला की त्याला सोबती मिळतात.

मग कापरेकरांचे काय?

आमचे मत स्पष्ट सांगायचे तर, हार्डींचा आक्षेप कापरेकरांपेक्षा त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांना अधिक लागू पडतो. पण कापरेकरांच्या बाजूनेही एक मर्यादा मान्य करायला हवी. त्यांची नजर बहुतेक दहाच्या पद्धतीत गुंतलेली होती आणि नवे नाव देण्याचा त्यांना सोस होता. त्यांचे सर्व शोध एकाच तोलाचे नाहीत. ६१७४ चेच पाहा. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले, की सर्व अंक सारखे नसल्यास सातपेक्षा जास्त पायऱ्या न लागता ६१७४ येते. तीन अंकांसाठी ४९५ येते. पण दोन अंकांत एकच मुक्काम नाही. तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. पाच अंकांतही अशी एक संख्या नाही. म्हणजे इथे डेम्लोसारखा सरळ, सर्वत्र चालणारा नियम नाही. दोन्ही शोधांना एकाच ‘चमत्कार’ या पेटीत टाकले की हा फरकच पुसला जातो. कापरेकरांवर यापेक्षा मोठा अन्याय नाही.

वर्गात काय करावे?

नांदगाव पेठ हे गाव अमरावती-नागपूर महामार्गावर आहे. अशा रस्त्याकाठच्या शाळेला उदाहरणांचा तुटवडा पडू नये. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकच्या पाटीवरचे शेवटचे चार अंक मुलांनी टिपून आणावेत. एमएच-२७ अमरावतीचा असो की एमएच-३० अकोल्याचा. प्रत्येकाने आपल्या संख्येवर कापरेकरांची वजाबाकी करावी (०४५२ मधले शून्य गाळू नये) आणि किती पायऱ्या लागल्या ते फळ्यावर लिहावे. मग दोन अंकांवर तेच करायला सांगावे. पहिल्यांदा सर्वांचे उत्तर एक येते, दुसऱ्यांदा येत नाही. वर्गात खरी चर्चा तिथून सुरू होते.

आपल्या सतरा अंकी संख्येसाठी संगणकही कामाला लावावा, पण वेगळ्या हेतूने. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये १११११११११ चा वर्ग काढला की पडद्यावर १२३४५६७८९८७६५४३०० दिसते. असे कार्यक्रम पंधराच अंक सांभाळतात, पुढे शून्ये भरतात. शेवटी १ असलेल्या संख्येच्या वर्गाच्या शेवटी शून्य कसे येईल, असे एखाद्या मुलीने विचारले, तर तिने यंत्राची चूक कागदावरच्या तर्काने पकडली असे होईल. गणित शिकवून याहून अधिक काय मिळवायचे असते?

तक्ता भिंतीवर राहू द्यावा. मात्र त्यात दहावी पायरी, मोडलेली, जरूर लिहावी. शेजारी चारच्या पद्धतीतला तीन पायऱ्यांचा पिरॅमिड काढावा. आणि ‘चमत्कार’ खोडून झालेल्या जागेत एकच शब्द लिहावा : ‘का?’